वाचकांचे प्रश्न : कोल्ड रूममधली लाट

प्रश्न : आमची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे आणि बागेतच प्रीकूलिंगची एक छोटी कोल्ड रूम. या हंगामात खोलीत चार ठिकाणी तापमानाचे सेन्सर बसवले. सेन्सर एलएम ३५, धातूच्या टोपीचे. तिथून १८ मीटर केबल ऑफिसात येते आणि सेन्सरच्या व्होल्टेजचे आकडे करून लॅपटॉपला देणाऱ्या, यूएसबीच्या १२ बिटांच्या कार्डाला लागते. कार्डाला वेगळा पुरवठा नाही, कार्ड आणि सेन्सर दोन्ही लॅपटॉपच्याच ५ व्होल्टवर चालतात. सॉफ्टवेअर दर सेकंदाला एक रीडिंग नोंदवतं. अडचण अशी की आलेखावर तापमान सारखं दीड अंश वर, दीड अंश खाली होत राहतं. लाट कधी अर्ध्या मिनिटाची, कधी दीड मिनिटाची. खोलीतला काचेचा थर्मामीटर मात्र ४ अंशांवरून हलत नाही. मशीनवाला म्हणतो सेन्सर भंगार आहेत. कार्डवाला म्हणतो कॉम्प्रेसर नीट चालत नाही, आणि वर सुचवतो की १६ बिटांचं कार्ड घ्या. आमचा वायरमन म्हणतो लॅपटॉपच्या चार्जरची अर्थची पिन काढून टाकू, काम होईल. कोणाचं ऐकू? पुढे हीच खोली साठवणीसाठी ० ते १ अंशावर चालवायची आहे.
— एक द्राक्षबागायतदार, दिंडोरी

उत्तर : कोणाचंच नका ऐकू, वायरमनचं तर मुळीच नको. पण गंमत बघा, दुखणं कुठे आहे ते तिघांत त्यालाच बरोबर कळलंय. उपाय तेवढा जिवावरचा सांगितलाय.

१६ बिटांचं कार्ड घेतलंत तर हीच लाट जास्त सुबक दिसेल, बाकी काही होणार नाही. म्हणून पत्र मिळाल्यावर मी यांना रविवारी फोन केला आणि खिशातून एक रुपयाही न काढता करण्यासारख्या तीन गोष्टी करायला लावल्या. इतर वाचकांनाही त्या उपयोगी पडतील, म्हणून झालं तसं सांगते.

पहिली गोष्ट, चार्जर उपटा आणि लॅपटॉप बॅटरीवर चालू ठेवा. फोनवरच त्यांचा आवाज बदलला. “मॅडम, रेघ सरळ झाली!” चार्जर परत लावला, लाट परत. कॉम्प्रेसर या सगळ्या वेळात जसा चालत होता तसाच चालत होता, म्हणजे तो सुटला.

दुसरी, कार्डाच्या एका चॅनेलवरून सेन्सर सोडवून तिथली दोन टर्मिनलं इंचभर तारेने एकमेकांना जोडा. चार्जर लावलेलाच ठेवा. हे केलं तर रेघ सपाट राहिली, फक्त मधूनमधून एक पायरी वर, एक पायरी खाली. म्हणजे कार्डही सुटलं. कार्डाची स्वतःची खरखर किती हे कळायला याहून स्वस्त कसोटी नाही. नवं कार्ड दाखवायला येणाऱ्या माणसासमोरच ती करावी.

तिसरी गोष्ट जरा चेंगट होती. सेन्सर तांब्याच्या लगमध्ये बसवून कॉइलच्या पंख्याच्या जाळीवर स्क्रूने आवळलेत. ते एकेक करून सोडवा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हवेत लटकवा, असं सांगितलं. पहिला सोडवला, फरक नाही. दुसरा, नाही. तिसऱ्याला ते वैतागले. त्या थंडीत स्टुलावर उभं राहून पान्याशी झटापट करायला मी सांगत होते, आणि मी स्वतः इथे इंदिरानगरात घरात बसून. चौथा सुटला आणि लाट गेली.

चौथ्यालाच का? चौघांचीही वजा बाजू कार्डावर एकाच ठिकाणी येते. त्यातला एक जरी जाळीला टेकलेला असेल तरी वर्तुळ पूर्णच राहतं. एकेक सोडवून पाहणारा माणूस नेमका इथे फसतो. दोन सोडवतो, काही होत नाही, म्हणून परत आवळून टाकतो.

आता आतलं सांगते. धातूच्या टोपीच्या एलएम ३५ मध्ये टोपी आतून वजा पायाला जोडलेली असते. ती तुम्ही जाळीवर आवळलीत. जाळी कॉम्प्रेसरच्या पॅनेलच्या अर्थला. इकडे कार्डाची वजा बाजू यूएसबीतून लॅपटॉपच्या वजा बाजूला, आणि तीन पिनांच्या बऱ्याच चार्जरमध्ये ही वजा बाजू अर्थच्या पिनेला जोडलेली असते. म्हणजे तुमची १८ मीटरची केबल दोन अर्थांच्या मधोमध पूल होऊन बसली. दोन्ही अर्थ कागदावर शून्य व्होल्ट. प्रत्यक्षात मोटरींचा गळका प्रवाह जमिनीत आणि अर्थच्या तारांत फिरत असतो, त्यामुळे दोघांत थोडा फरक राहतोच. इथे तो फरक १५ मिलिव्होल्ट असला तरी पुरे, कारण तुमचा सेन्सर एका अंशाला फक्त १० मिलिव्होल्ट देतो. झाले तुमचे दीड अंश.

पण मग लाट अर्ध्या मिनिटाची कशी? वीज तर सेकंदाला ५० वेळा हेलकावते. या प्रश्नावर मी स्वतः तरुणपणी डोकं आपटलेलं आहे.

कालिकेच्या जत्रेतला आकाशपाळणा आठवा. तो एका सेकंदात बरोबर ५० फेरे घेतो अशी कल्पना करा (बसू नका, फक्त कल्पना करा). तुम्ही डोळे मिटून उभे आहात आणि सेकंदाला एकदाच क्षणभर उघडता. दर वेळी तोच लाल पाळणा त्याच जागी दिसणार. तुम्ही शपथेवर सांगाल की पाळणा बंद आहे. आता तो किंचित मंदावला, ५० ऐवजी ४९.९७ फेरे. दर उघडझापीला लाल पाळणा जरासा मागे सरकलेला दिसेल, आणि साधारण ३३ सेकंदांत अख्खा फेरा मागे जाऊन मूळ जागी येईल. ४९.९९ झाले तर त्याला १०० सेकंद लागतील. तुमचं सॉफ्टवेअर सेकंदाला एकदाच डोळा उघडतं, आणि आपल्या ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात राखायची असते. त्या पट्ट्यात ती सतत थोडी डुलते. म्हणून लाट कधी अर्ध्या मिनिटाची, कधी दीड मिनिटाची. २०१३ च्या शेवटच्या दिवशी दक्षिणेचं ग्रिडही बाकीच्यांशी जोडलं गेलं. तेव्हापासून आपल्या एकलहऱ्याचं जनित्र असो की तमिळनाडूतलं, सगळी एकाच तालात फिरतात. तुम्ही द्राक्षांचं तापमान मोजायला गेलात आणि अख्ख्या देशाच्या जनित्रांचा वेग मोजत बसलात. मला तर हेवा वाटला.

आता दुरुस्ती. सेन्सर आणि जाळी यांच्यात धातूचा संबंध राहू देऊ नका. लगवर हीटश्रिंक नळी (तापवली की आवळून बसणारी प्लॅस्टिकची) चढवा, लोखंडी स्क्रूच्या जागी नायलॉनचा टाका. तसं पाहिलं तर हवेचं तापमान मोजायचं असेल तर सेन्सर जाळीवर आवळायचं कारणच काय? एवढ्यावर लाट जवळजवळ जाईल. पण तुम्हाला ० ते १ अंशावर जायचंय, म्हणून अजून दोन-तीन गोष्टी करून घ्या.

केबल दोन जोड्यांची घ्या, प्रत्येक जोडी आपापसात पीळ दिलेली. एका जोडीतून सेन्सरला ५ व्होल्ट आणि त्याची परतीची वाट. दुसऱ्या जोडीतून फक्त माप, म्हणजे सेन्सरचा आउटपुट पाय आणि त्याच्याच वजा पायावरून निघालेली वेगळी तार. या दोन तारा कार्डाच्या डिफरन्शियल चॅनेलच्या अधिक आणि उणे टर्मिनलला. कार्ड मग दोघींतला फरकच मोजतं. दोघींवर सारखाच चढलेला कचरा बराचसा वजा होतो. तुमच्या कार्डाचे आठ साधे चॅनेल डिफरन्शियल केल्यावर चार उरतात, आणि तुमचे सेन्सर चारच आहेत. केबलला जाळीचं आवरण असेल तर ते फक्त कार्डाच्या बाजूला जोडा. दोन्ही टोकांना जोडलंत तर जो पूल आत्ता तोडला तोच पुन्हा बांधाल.

एलएम ३५ ला लांब केबल सहन होत नाही. केबलची धारिता ५० पिकोफॅरडच्या वर गेली की तो थरथरू शकतो, आणि १८ मीटर म्हणजे त्याच्या कितीतरी पट. म्हणून सेन्सरपाशीच आउटपुटच्या तारेत २ किलोओहमचा रोध घाला आणि कार्डापाशी दोन मापाच्या तारांमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. रोधामुळे सेन्सर शांत राहतो आणि दोघे मिळून ८ हर्ट्झच्या आसपासची गाळणी होते. ५० हर्ट्झ साधारण सहापटीने कमी आणि चार्जरच्या आतली हजारो हर्ट्झची खरखर तर जवळजवळ नाहीशी. खोलीचं तापमान सेकंदात काही बदलत नाही, त्यामुळे गाळणीच्या मंदपणाने तुमचं काही बिघडत नाही.

सेटिंगमध्ये कार्डाची रेंज बघा. बहुतेक ती उणे १० ते अधिक १० व्होल्ट अशीच राहिली असणार, कारण पायरी अर्ध्या अंशाची दिसत होती. १२ बिटांच्या कार्डाने २० व्होल्टचे ४,०९६ तुकडे केले की एक तुकडा ४.९ मिलिव्होल्टचा, म्हणजे जवळपास अर्धा अंश. उणे १ ते अधिक १ करा, पायरी ०.०५ अंशावर येईल. १६ बिटांच्या नव्या कार्डाचा खर्च इथेच वाचला.

आणि सेकंदाला एकच रीडिंग घेणं बंद करा. सेकंदाला १,००० घ्या आणि दर १०० मिलिसेकंदांची सरासरी काढा. १०० मिलिसेकंदांत ५० हर्ट्झचे बरोबर पाच हेलकावे मावतात. जेवढं वर तेवढंच खाली, बेरीज शून्याजवळ. ३० मिलिसेकंदांची सरासरी काढलीत तर दीड हेलकावा येतो आणि अर्धा अंगावर राहतो. सरासरी मोठी असण्यापेक्षा ती २० मिलिसेकंदांच्या पटीत असणं इथे महत्त्वाचं. जो गोंधळ कुठल्याच तालात नसतो तो मात्र संख्येच्या वर्गमुळाने उतरतो, १०० रीडिंगांच्या सरासरीला दहापटीने.

राहिलं ० ते १ अंशाचं. ५ व्होल्टच्या एकेरी पुरवठ्यावर एलएम ३५ साधारण २ अंशांच्या खाली विश्वासाचा नाही, कारण त्याला उणे बाजूला जायला जागाच नसते. हे तुम्हाला विकणाऱ्याने सांगायला हवं होतं. उपाय सोपा आहे. सेन्सरचा वजा पाय थेट जमिनीला न जोडता मध्ये दोन साधे डायोड एकापाठोपाठ घाला, म्हणजे पाय थोडा उचलला जातो. आणि आउटपुटपासून खऱ्या जमिनीपर्यंत १८ किलोओहमचा रोध. माप आधी सांगितल्याप्रमाणे आउटपुट आणि वजा पाय यांच्यातच घ्यायचं. आता टोपी जमिनीच्या पातळीवर नाही, म्हणून ती धातूला टेकता कामा नये हे आणखीच महत्त्वाचं.

वायरमनकडे येते. चार्जरची पिन काढली की लाट जाईल, यात शंका नाही. मात्र चार्जरमध्ये किंवा पॅनेलमध्ये कधी फेज अंगाला टेकली तर तो प्रवाह अर्थमधून जाण्याऐवजी तुमच्या हातातून जाईल, आणि कोल्ड रूमची फरशी ओली असते. शिवाय पिन काढलेल्या लॅपटॉपला हात लावला की मुंग्या येतात. दोन पिनांच्या चार्जरवाल्यांना हे माहीत असेल. त्या मुंग्या म्हणजे चार्जरमधल्या लहान कपॅसिटरमधून झिरपणारा प्रवाह. तो मारत नाही, पण मापात शिरतो.

अर्थ वाळला तर काय होतं ते मी सातपूरला पाहिलंय. १९९४ सालचा मे महिना. मी तेव्हा एका कारखान्याच्या तपासणी विभागात होते. लोडसेलच्या (वजन मोजणाऱ्या सेन्सरच्या) बेंचवरचे आकडे पाऊस येईपर्यंत नाचायचे आणि जूनमध्ये शहाण्यासारखे बसायचे. आधीच्या वर्षी आम्ही त्याचं श्रेय नव्या कार्डाला दिलं होतं! त्या मे महिन्यात मी चिडून मागच्या अंगणातल्या अर्थ पिटाचं सिमेंटचं झाकण उचलायला लावलं. आत मीठ कधीच विरून गेलेलं, कोळसा भाकरीच्या पिठासारखा कोरडा आणि त्यावर बसलेला एक सरडा. तीन बादल्या पाणी ओतलं, तासाभरात आकडे निम्म्यावर आले. अर्थात बादली हा उपाय नव्हे. बेंचचा पिट वेगळा आणि मशीनचा वेगळा, दोघांत पट्टीच नव्हती. ती जोडून घेतली आणि दर उन्हाळ्यात पिटाला पाणी घालायचं काम माळ्याच्या यादीत लिहून टाकलं. तुमच्याकडेही ऑफिसचा आणि पॅनेलचा पिट वेगळा असेल तर परवानाधारक ठेकेदाराकडून दोन्ही जोडून घ्या. आयएस ३०४३ हे अर्थिंगचं मानक त्याला माहीत असायला हवं. नसेल तर दुसरा ठेकेदार बघा.

प्रश्न : मी नाशिकमध्ये अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये अर्डुइनो उनोवर पाण्याच्या टाकीचा दाब मोजतो. दाबाच्या सेन्सरला त्याचा स्वतःचा स्थिर पुरवठा आहे. तरी लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावला की टाकीतलं पाणी वाढतं! सर म्हणतात कोडमध्ये चूक आहे. पुढच्या सत्रात याच बोर्डवर ईसीजी करायचा विचार आहे.
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : कोड ठीक असणार. उनो मोजताना फूटपट्टी म्हणून यूएसबीचे ५ व्होल्ट वापरतो, तुम्ही दुसरं काही सांगितलं नसेल तर. पेनड्राइव्हने ओढ घेतली आणि ते ५.०० चे ४.८५ झाले, की फूटपट्टीच आखडली. २.५ व्होल्टचा सिग्नल आधी १,०२४ पैकी ५१२ दिसत होता, तो आता ५२८ दिसेल. टाकीतलं पाणी आहे तेवढंच आहे.

एआरईएफ पिनेवर (ही फूटपट्टी बाहेरून देण्याची पिन) स्थिर संदर्भ द्या, ४.०९६ व्होल्टच्या चिप सहज मिळतात. सेन्सरचं आउटपुट त्याच्या वर जात नाही ना ते आधी बघा. मात्र आधी कोडमध्ये बाह्य संदर्भ निवडल्याची ओळ चढवा आणि मगच तार जोडा, नाहीतर आतला संदर्भ आणि बाहेरचा संदर्भ एकमेकांवर आपटतील. सिग्नल लहान असेल तर आतला १.१ व्होल्टचा संदर्भही चालतो. आणि सेन्सर त्याच ५ व्होल्टवर चालणाऱ्या, गुणोत्तर देणाऱ्या जातीचा असता तर हा प्रश्नच आला नसता. पट्टी आखडली की कापडही तेवढंच आखडलं असतं.

ईसीजीबद्दल मी कडकपणे लिहिते. माणसाच्या अंगाला इलेक्ट्रोड लावायचे असतील तर चार्जर लावलेला लॅपटॉप त्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला असता कामा नये. बॅटरीवरचा लॅपटॉप, त्याला दुसरी कुठलीही वायर नाही, प्रिंटर नाही, प्रोजेक्टर नाही. सादरीकरणाच्या दिवशी प्रोजेक्टरची वायर लावायचा मोह होतो. त्या दिवशी आधी नोंदवलेला आलेख दाखवा.

प्रश्न : यूएसबी आयसोलेटर लावला की सगळा नॉइज (मापातला कचरा) जातो का? मग तोच घेऊन टाकू.
— एक शिक्षिका, सिन्नर

उत्तर : सगळा जात नाही. आयसोलेटर कार्ड आणि संगणक यांच्यातला विजेचा संबंध तोडतो, माहिती तेवढी पलीकडे नेतो. दिंडोरीसारखं दुखणं असेल तर तो रामबाण. तुमच्या सिग्नलच्या तारेने शेजारच्या चोकच्या ट्यूबलाइटकडून किंवा मोटरच्या ड्राइव्हकडून कचरा उचलला असेल, तर तो आयसोलेटरच्या अलीकडेच शिरलेला असतो. घेण्याआधी आपल्या कार्डाचा यूएसबी वेग बघा: एडीयूएम ४१६० चिपवरचे स्वस्त आयसोलेटर सेकंदाला १२ मेगाबिटांपर्यंतच चालतात, ४८० मेगाबिटांचं कार्ड नीट चालणार नाही किंवा रखडेल. पलीकडे ५ व्होल्ट देण्यासाठी काही आयसोलेटरांत छोटा डीसी-डीसी कन्व्हर्टर असतो, तो स्वतःची शिट्टी वाजवतो. त्यामुळे आधी चार्जर उपटून बघा. बॅटरीवर फरक पडला तरच दुकानात जा.

ता. क. (दिंडोरी) : अंक छपाईला जाता जाता निरोप आला. सेन्सर सोडवले, केबल बदलली, सरासरी लावली. चारही रेघा सरळ. फक्त तीन नंबरचा सेन्सर बाकीच्यांपेक्षा अर्धा अंश जास्त दाखवतो, “हा नॉइज कुठून आला?” हा नॉइज नव्हे. हा सेन्सरचा स्वतःचा फरक आहे, तो पहिल्यापासून होता, लाटेत दिसत नव्हता. वर सांगितलेले डायोड आणि रोध आधी बसवून घ्या, नाहीतर शून्यावरचा आकडा विश्वासाचा नाही. मग स्टीलच्या ग्लासात ठेचलेला बर्फ घाला, बर्फ जेमतेम बुडेल एवढंच पाणी, ढवळत राहा. सेन्सर बारीक प्लॅस्टिकच्या नळीत घालून, खालचं तोंड डाग देऊन बंद करून, मधोमध बुडवा; ग्लासाला टेकू देऊ नका. दहा मिनिटांनी जो आकडा दिसेल तो त्या सेन्सरचं शून्य. चौघांचं करा आणि सॉफ्टवेअरमध्ये वजा करून टाका.